प्रेम द्रोग्बाला, मते दुसऱ्याला

खेळाडूने सार्वजनिक प्रश्नांवर बोलावे की आपला खेळ सांभाळावा, हा आपल्याकडचा वाद मी आबिजानमध्ये राहून अनेक वर्षे वाचतो आहे. २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरची राज्यसभेवर नेमणूक झाली तेव्हा तो रंगला आणि पुढे त्याच्या गैरहजेरीमुळे अधिकच वाढला. काजूच्या व्यापारामुळे मी ज्या देशात आहे, त्या आयव्हरी कोस्टला हा प्रश्न फुटबॉलपटू दिदिए द्रोग्बाच्या निमित्ताने फार आधी पडला होता.

इंग्लंडच्या चेल्सी क्लबसाठी १६४ गोल, २०१२ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात ८८व्या मिनिटाला हेडरने साधलेली बरोबरी आणि नंतरची निर्णायक पेनल्टी, ही त्याची युरोपातली कमाई सर्वांना ठाऊक आहे. देशासाठी ६५ गोल करूनही आफ्रिका चषक मात्र त्याच्या हाती कधीच लागला नाही. २००६ आणि २०१२ चे अंतिम सामने संघाने पेनल्टींवर गमावले आणि २०१५ मध्ये चषक आला तेव्हा तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेला होता. तरीही येथील खानावळीत लिटरभर बिअरची बाटली त्याच्याच नावाने मागवली जाते.

हे प्रेम केवळ गोलांमुळे नाही. २००२ पासून देश यादवीने दुभंगला होता, उत्तर भाग बंडखोरांच्या ताब्यात होता. ऑक्टोबर २००५ मध्ये सुदानला ३-१ असे हरवून संघ पहिल्यांदाच विश्वचषकासाठी पात्र ठरला, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये कॅमेऱ्यासमोर द्रोग्बाने सहकाऱ्यांसह गुडघे टेकून, एकमेकांना क्षमा करा, शस्त्रे खाली ठेवा आणि निवडणुका घ्या, अशी देशाला विनवणी केली. २००७ मध्ये मादागास्करविरुद्धचा सामना बंडखोरांचे केंद्र असलेल्या बुआके शहरात व्हावा, हा आग्रहही त्याचाच. तो सामना ५-० असा जिंकला गेला.

त्याने युद्ध थांबवले, असे बाहेरचे लोक सहज लिहितात, पण ते खरे नाही. सरकार आणि बंडखोरांमधला वागादुगूचा शांतता करार बुआकेच्या सामन्याआधीच झाला होता आणि २०१० च्या निवडणुकीनंतर पुन्हा हिंसाचार उसळून सुमारे तीन हजार माणसे मारली गेली. द्रोग्बाच्या शब्दांनी बंदुका शांत झाल्या नाहीत. मात्र दोन्ही बाजूंच्या माणसांना एकाच संघासाठी एकत्र ओरडता आले, आणि त्या दिवसांत तेही थोडे नव्हते. म्हणूनच २०२३ मध्ये जंतरमंतरवर कुस्तीपटू धरणे धरून बसले असताना क्रिकेटपटू गप्प का, हा विनेश फोगटचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. खेळाडूच्या बोलण्याने सारे बदलत नाही, ही सबब गप्प राहायला पुरेशी नाही.

परंतु २०२२ मध्ये हाच द्रोग्बा देशाच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. मतदार प्रामुख्याने क्लबांचे प्रतिनिधी होते. सामान्य प्रेक्षकांना मत असते तर कदाचित तोच निवडून आला असता. तरी हा निकाल मला कृतघ्नपणाचा वाटत नाही. शांततेसाठी बोलण्याचा अधिकार त्याने मैदानावर आणि स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावून मिळवला होता, तर महासंघ कसा चालवणार हे त्याला क्लबांना वेगळे पटवून द्यावे लागणार होते. राज्यसभेची नेमणूक झाली तेव्हा तेंडुलकरला आपण असे काहीच विचारले नव्हते.