पाण्यात बसून राहिलेला बॉल पायथन मजेत नसतो

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या प्राणिप्रेमींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘पाळीव साप दिवसदिवस पाण्यात बसला तर घाबरू नका. सापाला पाणी आवडतंच. तो अंग गार करतो, भांड्यात बर्फ टाका. कात टाकायच्या आधी तर बसतोच. अंगावर किडे असले तरी पाण्यात मरतात. अशक्त वाटला तर दूध पाजा.’ खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’. यातलं निम्मं खरं आहे, आणि घोळ त्या निम्म्या खऱ्यामुळंच होतो.

आधी एक गोष्ट. नाग, धामण किंवा आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. इथं बोलतोय ते परदेशी जातींबद्दल, मुख्यतः बॉल पायथन या आफ्रिकी अजगराबद्दल. तो सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि 2024 च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. नोंद नसेल तर पाण्याचं नंतर बघू, ते काम आधी उरका.

‘सापाला पाणी आवडतंच.’ कोणत्या सापाला? हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक विहिरीतली दिवड असावी. दिवड पाण्याकाठीच वाढते, बेडूक-मासे खाते, तिचं अर्धं आयुष्य पाण्यात जातं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथल्या गवताळ माळावर तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात दडून राहतो. तो पाणी पितो, अधूनमधून तासभर भांड्यात बसतोही, त्यात वावगं काही नाही. पण दोन-दोन दिवस बाहेरच येत नसेल, तर पेटीत त्याला दुसरी धड जागा मिळत नाहीये. बऱ्याचदा कारण अगदी साधं असतं: लपायला काही नाही. चारही बाजूंनी काच, आणि अंग घट्ट टेकेल अशी एकच गोष्ट, पाण्याचं भांडं. गरम बाजूला एक आणि थंड बाजूला एक, असे दोन अंगालगत बसणारे डबे उपडे ठेवा, त्यांना जेमतेम आत शिरता येईल एवढं भोक पाडा. साप डब्यात गेला आणि भांडं सोडलं, तर प्रश्न तिथंच मिटला.

‘अंग गार करतो.’ हे खरं आहे, पण मग त्याला गरम कशानं होतंय ते कोण बघणार? पेटीची गरम बाजू 31 ते 33 अंश आणि थंड बाजू 25 ते 27 अंश, एवढं बॉल पायथनला पुरतं. आता परभणी-नांदेडचा मे महिना आठवा. बाहेर 42-43, वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत रात्री दहालाही भिंती गरम. आणि पेटीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, चालूच, कारण परदेशी व्हिडिओत तसं सांगितलंय. तो व्हिडिओ करणाऱ्याच्या दारात बर्फ पडतो, आपल्या दारात वाळवण पडतं! अशा वेळी पेटीत थंड बाजू उरतच नाही, म्हणून साप पाण्यात जातो. मॅट बंद करा. मॅट वापरायचीच असेल तर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, वापरू नका. पेटी खालच्या मजल्यावर, आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब हलवा. खोलीत कूलर लावा, पण त्याचा झोत थेट पेटीवर नको. दोन्ही टोकांना प्रोबचा, म्हणजे वायरच्या टोकाला सेन्सर असलेला, थर्मामीटर ठेवा. काचेवर चिकटवायच्या पट्टीवर विसंबू नका, ती काचेचं तापमान दाखवते.

बर्फ तर नकोच. सापाच्या अंगची उष्णता बाहेरूनच येते. पोटात उंदीर असताना तो एकदम गार पडला तर पचन थांबतं आणि खाल्लेलं बाहेर येतं.

‘कात टाकायच्या आधी बसतोच.’ काही साप बसतात. पण कात येतेय हे ओळखायला पाणी लागत नाही, डोळे बघा: निळसर-दुधी होतात, रंग मळकट दिसतो, मग डोळे परत निवळतात आणि थोड्या दिवसांत कात पडते. डोळे स्वच्छ काळे असताना साप पाण्यात पडून असेल, तर कातीचं निमित्त चालणार नाही. कात तुकड्यातुकड्यांनी निघत असेल तर पेटीत दमटपणा कमी पडतोय. बॉल पायथनला साधारण 55 ते 70 टक्के लागतो आणि आपल्याकडची एप्रिलची दुपार त्याच्या आसपासही नसते. झाकणाच्या जाळीचा अर्धा भाग झाका आणि एका डब्यात ओलसर काथ्या घालून ठेवा. अख्खी पेटी चिंब करू नका. ओल सतत राहिली की पोटाखालचे खवले लाल होतात, त्यांवर फोड येतात. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं भांड्यातलं पाणी रोज बदलायचं जिवावर येतं, हे मान्य. पण साप त्याच पाण्यात हगतो आणि त्यातच पडून राहतो. भांडं लहान ठेवा, पाणी रोज बदला.

सगळ्यात घातक वाक्य किड्यांचं. सापाच्या अंगावरचे माइट मोहरीपेक्षाही बारीक, काळे-तांबूस असतात. हनुवटीखालच्या घडीत, डोळ्यांच्या कडेला आणि शेपटीच्या बुडाशी ते खवल्यांखाली शिरून रक्त पितात. त्यांच्या खाजेनंच साप पाण्यात जातो. भांड्याच्या तळाशी काळे कण दिसले, किंवा पांढरं ओलं फडकं अंगावरून हलकं फिरवल्यावर त्यावर ठिपके आले आणि चिरडल्यावर लाल डाग पडला, तर तेच. बुडालेले थोडे मरतात हे खरं. पण सापाचं डोकं पाण्याबाहेर असतं, उरलेले तिथं जमतात. अंडी तर अंगावर नसतातच, ती पेटीच्या सांध्यात आणि लाकडाच्या फटीत असतात. त्यामुळं सगळा भुसा फेका, लाकूड काढा, पेटी गरम पाण्यानं घासून तळाला नुसता कागद अंथरा आणि पुढचे काही आठवडे हे परत परत करा. बैलाच्या गोचिडावर मारायचं औषध घरात असेल, ते सापावर मारू नका. त्यानं किड्यांआधी साप जाईल.

दुधाबद्दल फार लिहायची गरज नाही. ते सापाचं अन्न नाही, त्याला पचत नाही. नागपंचमीला पितो तो तहानेनं व्याकूळ केलेला असतो म्हणून.

डबे ठेवले, तापमान बसवलं, किडे नाहीत, कातही नाही, तरी साप पाणी सोडत नसेल तर डॉक्टरला दाखवा. मादी असेल तर पोटात अंडी असू शकतात, हेही सांगा. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा तोंडाशी चिकट फेस दिसत असेल तर थांबू नका. तालुक्याच्या दवाखान्यात गायी-म्हशींचीच सवय असते, म्हणून आधी फोन करून विचारा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथंही विचारता येईल. माइटची शंका असेल तर दोन-चार ठिपके चिकटपट्टीवर घेऊन जा. साप सुती उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, अभ्रा हवेशीर डब्यात ठेवा आणि ऊन चढायच्या आत निघा. वाटेत चहाला थांबलात तर गाडी बंद करून त्याला आत ठेवू नका.