वायरलेस बंद ठेवा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडल्या आणि हर्णैपासून मालवणपर्यंतच्या मच्छीमारांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागला: बोटीवरच्या वायरलेसवरचं बोलणं पोलीस चोरून ऐकतात, हे बेकायदेशीर टॅपिंग आहे, सेट बंद ठेवा आणि सॅटेलाइट फोन घ्या, तो कोणालाच पकडता येत नाही.

चोरून कसलं? अहो व्हीएचएफ आहे तो, म्हणजे सगळ्यांसाठी खुला रेडिओ, बटण दाबून बोललात की टप्प्यातला त्या चॅनलवरचा प्रत्येक सेट ऐकतो. म्हणून तर आपले तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, बांगडा कुठे लागला ते वायरलेसवर सरळ सांगत नाहीत, "मामाकडे जेवण बरं आहे" असलं कायतरी ठरवून बोलतात आणि तरी अर्ध्या तासात बाजूला चार बोटी हजर! चॅनल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झला, कोस्ट गार्ड कान लावून असतं ते बुडणाऱ्याची हाक ऐकायला. सेट बंद ठेवलात आणि भर वाऱ्यात इंजिन बसलं तर हाक कोणाला मारणार, ग्रुप ॲडमिनला?

टॅपिंग म्हणजे ठराविक माणसाचं खासगी बोलणं मधेच पकडून ऐकणं. त्याला गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. आधी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम. आदेश ६० दिवसांचा, वाढवून वाढवून १८० पर्यंत, पुढे नाही.

सॅटेलाइट फोनचा सल्ला तर थेट जेलचा रस्ता. थुराया, इरिडियम असले सॅटेलाइट फोन बिनपरवाना जवळ ठेवणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि पकडता येत नाही हेही खोटं, फोन चालू केला की सिग्नल टिपून जागा शोधता येते. २६/११ नंतर, अतिरेकी ज्या बोटीतून आले त्या कुबेर ट्रॉलरवर थुरायाच सापडला होता. त्याआधी १९९३ ला आपल्याच रायगडात शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं, तेव्हा या किनाऱ्यावर जास्त लक्ष का, हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये.

मेसेजमधला एकच सूर मला पटतो, सरकारवर डोळे मिटून विश्वास नको. टॅपिंगचा आदेश देणारे अधिकारी, तो तपासणाऱ्या समितीतही सचिवच, जज कुठेच नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये बंधनं घातली खरी, पण आधी कोर्टाची परवानगी घ्या असं काही म्हटलं नाही. भांडायचं तर त्यावर भांडा ना, खासदाराला धरा. सेट चालू ठेवून.