माळढोक वाचवायचाय? आधी खड्डे खणा

पक्षी वाचवायला निघालात म्हणता? उत्तम. वाघाकडे मात्र फिरकू नका. तिथे जिप्सींचीच रांग लागलीय, नवख्याला कोण विचारतो? माळढोक घ्या. उरलेत दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे तो सहसा दिसतच नाही, त्यामुळे तुमच्या कामाचं पुढे काय झालं, हे विचारायलाही कुणी यायचं नाही.

सुरुवात वृक्षारोपणाने करा. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, माळढोकासाठी ओळखल्या जाणाऱ्या नान्नजला उतरा. समोर नुसता माळ, कुसळी गवत, मधूनच एखादी बोर. एवढी जागा मोकळी पडलेली बघून जीव कासावीस होतो ना? साहजिक आहे. सरकारदरबारीही कुरणं वर्षानुवर्षं पडीक जमिनीतच मोजली गेली. ग्लिरिसिडिया या विदेशी झाडाची रोपं आणा, खड्डे खणा, फोटो काढा, पाणी पुढच्या पाहुण्यांसाठी ठेवा. माळढोकाला लांबवर नजर जाईल अशी उघडी जमीन लागते, मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते आणि तेही घरटं न बांधता थेट मातीवर, असले तपशील कार्यक्रमपत्रिकेत मावत नाहीत. ज्या राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला, तिथे ‘इथे झाड नको’ म्हणून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

मग अभयारण्याची मागणी करा. मागायचंच तर भरपूर मागा. १९७९ मध्ये सोलापूर-नगरकडचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावं, मळे, बाजारपेठा, सगळं आत! पुढे ते १,२२२ वर आणलं, पण तोवर शेतकऱ्याच्या लेखी हा पक्षी म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा झाला होता. गावकऱ्यांना आधी विचारलं असतं तर एवढी मजा आली नसती.

विजेच्या तारांबद्दल मात्र जपून बोला. पंधरा किलोपर्यंत भरणारा नर, समोरचं नीट दिसत नाही, ऐनवेळी वळता येत नाही. तारेवर आदळला की संपला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या म्हटलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल केला. त्या तारांतून येणारी सौरऊर्जाही हिरवी, पक्षीप्रेमही हिरवं. दोघांच्या परिषदांना जा, जेवण दोन्हीकडे चांगलं असतं.

आता काय करू नये तेही सांगतो. मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीत पडू नका. जमिनीवरचं अंडं कुत्र्याच्या तोंडी जातं हे खरं, पण कुत्र्याच्या नसबंदीची फीत कापायला कुठला मंत्री येईल? जैसलमेरजवळ सम इथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवताहेत, तसलंही काही मनात आणू नका. वर्षानुवर्षं खपायचं आणि बातमी कुठली, तर एक पिल्लू जगलं! मेंढपाळाशी बोलत माळावर दिवस काढणारी, पावलांचे ठसे वहीत उतरवणारी काही मंडळी आहेत. त्यांना व्यासपीठावर बोलावू नका, ती खरं बोलतात.

राहता राहिलं संस्थेचं बोधचिन्ह. त्यात माळढोकच हवा असा हट्ट नको, देणगीदार शहामृग समजतात. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी माळढोकच राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून आग्रह धरला होता, १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. तुम्हीही मोरच घ्या. पिसारा छापायला छान दिसतो.