सिक्युरिटी? ती तुमच्या लेव्हलला बघा!

आमच्या प्रोजेक्टचा व्हीएपीटी, म्हणजे सिक्युरिटी तपासणीचा, रिपोर्ट नुकताच आला. सरकारी खात्याचं काम, म्हणजे सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरचं 'सेफ टू होस्ट' सर्टिफिकेट हातात पडल्याशिवाय गो-लाइव्ह नाही, आणि उद्घाटनाची तारीख मात्र आधीच ठरलेली. एक्सेल उघडलं तर लालच लाल. स्टोअर्ड एक्सएसएस (कुणी फॉर्ममध्ये घुसवलेली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते), सीएसआरएफ (भलतीच साइट लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने रिक्वेस्ट पाठवते), सेशनच्या कुकीला एचटीटीपी-ओन्ली नाही म्हणजे स्क्रिप्टला ती वाचता येते, यूआरएलमधला आकडा बदलला की दुसऱ्याचा अर्ज उघडतोय, आधार कार्डाच्या स्कॅनसकट. फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर अ‍ॅप उभं राहतं तो तयार सांगाडा, कंपनीच्याच प्लॅटफॉर्म टीमने बनवलेलं, वापरायची सक्ती. कॉल लावला तर तिथले आर्किटेक्ट साहेब एकदम शांत. म्हणाले, "आपलं फ्रेमवर्क थिन आहे. सिक्युरिटी अ‍ॅप टीमने आपापल्या लेव्हलला हँडल करायची."

थिन म्हणे! अहो, त्यात डार्क मोड आहे, पीडीएफवर कंपनीचा लोगो तिरका छापायची सोय आहे, आणि एक कॅलेंडर आहे जे तीन रंगांत येतं.

असो. मोठ्या माणसांकडून शिकावं. तुम्हीही एखादं फ्रेमवर्क बनवायला घेतलं असेल आणि त्यात सिक्युरिटी किती द्यावी हा प्रश्न पडला असेल तर काही सल्ले देतोय, फुकट.

पहिलं म्हणजे एक वाक्य पाठ करून ठेवा: "ही डेव्हलपरची जबाबदारी आहे." या वाक्याला मोठी परंपरा आहे, तुम्ही काही पहिले नाही. २०१२ पर्यंत रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये फॉर्ममधून जे फील्ड येईल ते सरळ मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसातल्या नोंदीत, जाऊन बसायचं. अडवायची सोय होती, नाही असं नाही, फक्त ती प्रत्येक मॉडेलमध्ये आठवणीने लिहायची. एगोर होमाकोव्ह नावाचा एक पोरगा रेल्सवाल्यांना सांगत होता, बाबांनो हे डीफॉल्टच बंद ठेवा, लोक विसरतात. उत्तर साधारण हेच आलं, की ते अ‍ॅप लिहिणाऱ्याने बघायचं. मग त्याने मार्चमध्ये थेट गिटहबलाच हात घातला, जिथे लोक आपला कोड ठेवतात आणि जे स्वतः रेल्सवर चालतं. फॉर्ममध्ये युजर आयडीचं एक जास्तीचं फील्ड घुसवलं, आपली पब्लिक की (कोड टाकायची डिजिटल किल्ली) रेल्सच्या खात्याला चिकटवली आणि रेल्सच्याच रेपोत, म्हणजे कोडच्या कोठारात, कमिट करून दाखवलं. त्यानंतर डीफॉल्ट बदललं, आणि पुढच्या वर्षी रेल्स ४ मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्स आले, म्हणजे परवानगी दिलेलीच फील्डं आत. गिटहबमधली माणसं रेल्स कोळून प्यालेली, तीसुद्धा विसरली. पण तुम्ही काळजी करू नका. तुमच्याकडे जूनच्या बॅचचे फ्रेशर आहेत, ते नाही विसरणार.

डीबग मोड डीफॉल्ट चालूच ठेवा, प्रोडक्शनला पूर्ण स्टॅक ट्रेस (एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आला त्याची यादी) दिसला की ऑडिटरचा वेळ वाचतो.

सगळी दारं उघडी ठेवा आणि कुठे काय बंद करायचं ते डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा. शक्यतो शेवटच्या पानावर, पिवळ्या चौकटीत. पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे पडलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस २०१७ च्या जानेवारीत खंडणीवाल्यांनी पुसून टाकले आणि जागेवर बिटकॉइन मागणारी चिठ्ठी ठेवली. वर्षाअखेरीस मोंगोडीबी ३.६ आलं तेव्हा कुठे ते मुकाट्याने डीफॉल्ट लोकलहोस्टवर, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरतं, बसायला लागलं. पण चूक कुणाची? लोकांचीच. डॉक्युमेंटेशन वाचायला काय झालं होतं?

पासवर्डला एमडी५ हे जुनं, सहज फुटणारं हॅशिंग लावा, सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला वेगळा जोडायचा मजकूर) म्हणून सगळीकडे कंपनीचं नाव.

काही बिघडलं तर नुसता ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', द्या, का ते अजिबात सांगू नका. टोकन (सीएसआरएफ अडवायला फॉर्मसोबत जाणारी गुप्त खूण) नाही, टोकन जुनं झालं, कुकी आली नाही, काय समजायचं ते समजेल ज्याचा तो. मग पोरगं गुगल करतं, पहिल्याच उत्तरात सीएसआरएफ बंद करायची ओळ असते, खाली शेकडो लोकांचे आभार, ओळ पेस्ट, चाललं, पीआर (कोडमधला बदल) मर्ज, चहा.

सिक्युरिटीचं कॉन्फिगरेशन दर मेजर व्हर्जनला नव्याने शिकायला लावा. जावाच्या स्प्रिंग सिक्युरिटीतला वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर, आधी सगळ्यांना शिकवला आणि मग काढून टाकला. बास, एवढंच म्हणतो. ज्यांनी भोगलं त्यांना कळलं.

आणि अगदीच कोपऱ्यात सापडलात, सिक्युरिटी द्यावीच लागली, तर ती चुकीच्या जागी द्या. हा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा आहे. पीएचपी या वेबच्या भाषेने फार पूर्वी मॅजिक कोट्स नावाचा प्रकार दिला होता, आत येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाला आपोआप बॅकस्लॅश, मग तो मजकूर डेटाबेसात चाललाय की ईमेलात याच्याशी देणंघेणं नाही. वसईचे आणि गोव्याचे डिसोझा, डिमेलो, ज्यांच्या इंग्रजी स्पेलिंगात डी नंतर ते वरचं एकेरी अवतरणचिन्ह येतं, त्यांच्या नावात दर सेव्हला नवा बॅकस्लॅश उगवायचा. पीएचपीवाल्यांना अक्कल आली, २०१२ मध्ये ५.४ मधून ते काढून टाकलं. आमच्या प्लॅटफॉर्म टीमला ती बातमी अजून पोचलेली नाही. रिपोर्ट वरपर्यंत गेल्यावर साहेबांनी घाईघाईत एक 'सिक्युरिटी मॉड्यूल' पाठवलं, म्हटलं चला, उशिरा का होईना. उघडून बघतो तर काय, शब्दांची यादी! सिलेक्ट, युनियन, ड्रॉप, स्क्रिप्ट, दोन डॅश शेजारी शेजारी. यातलं काहीही इनपुटमध्ये दिसलं की 'इनव्हॅलिड इनपुट', तांबड्या पट्टीत, कुठल्या फील्डमध्ये ते सांगायचं नाही. म्हणजे पत्त्यात 'ऑपोझिट युनियन बँक' लिहिणारा माणूस हॅकर. सिलेक्शन ग्रेडसाठी अर्ज करणारे गुरुजी हॅकर. स्कूल बसच्या रकान्यात 'पिक-अप अँड ड्रॉप' लिहिणारी आई, हॅकर. त्यातून नावाच्या फील्डला ए टू झेड सोडून काही चालत नाही, म्हणजे मराठी माणसाने मराठी फॉर्ममध्ये स्वतःचं नाव मराठीत लिहिलं तर तोही हॅकर, आणि हेल्पडेस्कचे फोन आम्ही घ्यायचे! अन् एवढं करून एक्सएसएस थांबलं का? नाही थांबलं! ऑडिटरने स्क्रिप्टऐवजी इमेजचा टॅग घातला, ऑनएररमध्ये अलर्ट लिहिला, पॉपअप आला, हसला तो. कारण अरे, मजकूर आत येताना तुम्हाला माहीतच नसतं तो पुढे कुठे छापला जाणार आहे, एचटीएमएलमध्ये, अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये की यूआरएलमध्ये, प्रत्येकाचं एस्केपिंग (खास चिन्हं निरुपद्रवी करणं) वेगळं, ते बाहेर पडताना करायचं असतं, जिथे छापता तिथे, आणि ते पान बनवणाऱ्या टेम्प्लेट इंजिनने आपणहून करायचं असतं. जँगो नावाचं फ्रेमवर्क हे २००८ पासून करतंय. २००८! आमच्या आताच्या फ्रेशरांपैकी निम्मे तेव्हा बालवाडीत होते.

हां, सल्ले चालू होते. बाकी जे उरेल ते प्लगइनवर सोडा. तुमचा गाभा स्वच्छ राहतो. एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवाले वर्षानुवर्षं सीएसआरएफसाठी सी-सर्फ नावाचं पॅकेज लावत होते, २०२२ मध्ये त्यावर 'डेप्रिकेटेड' असा शिक्का बसला. आता तुमचं तुम्ही बघा.

बास. आता हसत हसत लिहवत नाहीये.

"डेव्हलपरची जबाबदारी" म्हणणाऱ्यांनी एक सांगावं. ओवॅस्प या संस्थेच्या टॉप टेनमधून, म्हणजे वेबच्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीतून, २०१७ साली सीएसआरएफ बाहेर गेलं ते का? जगभरचे डेव्हलपर अचानक शहाणे झाले म्हणून? नाही. बऱ्याच फ्रेमवर्कांनी संरक्षण आतच दिलं म्हणून, हे कारण त्यांनीच लिहिलंय, फक्त ५ टक्के अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ते सापडलं. आम्ही सगळे होतो तेवढेच विसराळू राहिलो, डीफॉल्ट बदललं म्हणून बचावलो. आणि आमचा प्रोजेक्ट त्या ५ टक्क्यांत जाऊन बसला तुमच्या थिनपणामुळे.

साहेब मध्येच नेक्स्टजेएस या फ्रेमवर्कचं उदाहरण फेकतात. मार्च २०२५ मध्ये त्याच्या मिडलवेअरमध्ये (पानापर्यंत पोचण्याआधी रिक्वेस्ट तपासणारा कोड) भोक सापडलं, एक विशिष्ट हेडर पाठवला की मिडलवेअर वगळलंच जायचं आणि त्यातली लॉगिनची तपासणीही. "बघा, फ्रेमवर्कवर विसंबलं की असं होतं." अहो पण ते एका जागी दुरुस्त झालं ना! व्हर्जन वाढवलं, विषय संपला. आपल्याकडे प्रत्येक टीमने आपापल्या लेव्हलला लॉगिन तपासलंय, प्रत्येकाने वेगळं, प्रत्येकाने थोडं चुकीचं. ते कोण आणि कुठे कुठे दुरुस्त करणार? तुम्ही?

सगळं द्या असं कुणी म्हणत नाहीये. जोशीबाईंचा अर्ज कुलकर्ण्यांनी बघावा की नाही हे फ्रेमवर्कला कळूच शकत नाही, ते आमचं काम, मान्य आहे. ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल, म्हणजे परवानगी नसलेल्याला दिसणं, ओवॅस्पच्या २०२१ च्या यादीत पहिल्या नंबरला आलं ते उगाच नाही, ते अवघडच आहे. पण जे जगातल्या प्रत्येक अ‍ॅपला सारखंच लागतं, एस्केपिंग, टोकन, कुकीचे फ्लॅग, पासवर्डचं हॅशिंग, क्वेरीचे पॅरामीटर, ते प्रत्येक टीमने नव्याने का लिहायचं? तुमचा वेळ वाचावा म्हणून? तो वाचलेला वेळ आमच्या पोरांच्या रात्रींतून जातो हे दिसत नाही का?

आणि जे तुम्हाला कळणं शक्य नाही त्याच्यासाठी निदान विचारा तरी! रूट (अ‍ॅपमधला एखादा यूआरएल) लिहिला आणि त्यावर परमिशन लिहिली नाही, तर अ‍ॅप सुरूच होऊ देऊ नका. लाल अक्षरांत फाइलचं नाव आणि ओळ दाखवा आणि बंद पाडा. ज्याला खरंच सगळ्यांसाठी उघडं ठेवायचंय तो 'पब्लिक' असं स्वतःच्या हाताने लिहील, पीआरमध्ये ते दिसेल, कुणीतरी विचारेल. एवढं करायला काय लागतं? सुरुवातीला सगळ्या टीम बोंबलतील, तुमच्या नावाने शिव्या देतील. खा की मग शिव्या. पगार त्याचाच घेता.