‘सिनेमा कॅमेऱ्यातलं सगळं मिररलेसमध्ये येणारच’ म्हणणाऱ्यांसाठी

निकॉनने ७ मार्च २०२४ला रेड ही सिनेमा कॅमेरे बनवणारी कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून एक युक्तिवाद शूटिंगवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात असा: सिनेमा कॅमेऱ्यात आज जे आहे ते दोन-तीन वर्षांत मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या छोट्या फोटो-व्हिडिओ कॅमेऱ्यात, उतरतंच. निकॉनचा झेडआर हा छोटा कॅमेरा म्हणजे स्वस्तातली रेड. सतरा स्टॉपची रेंज (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), सगळी फ्रेम एकाच क्षणी टिपणारं ग्लोबल शटर, आतला एनडी म्हणजे प्रकाश कापणारी गडद काच, हे सगळं तयार आहे, कंपन्यांनी मुद्दाम अडवून ठेवलंय. ते सुटलं की मोठा कॅमेरा भाड्याने आणायची गरज संपली.

यातलं थोडं खरं आहे, म्हणून ते सहज पटतं. पण गणिताने आणि फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने) होणाऱ्या गोष्टी लवकर खाली येतात. ज्यांना जागा, वीज आणि गारवा लागतो त्या येत नाहीत, किंवा अर्ध्यामुर्ध्या येतात. मुद्दे एकेक करून घेऊ.

‘झेडआर म्हणजे छोटी रेड’

सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या झेडआरचा सेन्सर रेडचा नाही. तो २४.५ मेगापिक्सेलचा, अंशतः स्टॅक्ड (वेगाने वाचण्यासाठी काही सर्किटचे थर जोडलेला), म्हणजे निकॉनच्याच झेड६ थ्रीमधल्या सेन्सरच्या जातीचा आहे. रेडकडून आलंय ते रंगविज्ञान आणि फाइल: आर३डी एनई नावाचा १२ बिट रॉ (सेन्सरचा जवळजवळ कच्चा डेटा), लॉग३जी१० हा उजेडाच्या पायऱ्या वाटून देणारा लॉग कर्व्ह आणि रेडचा वाइड गॅमट, म्हणजे रंगांचा पल्ला. हे कमी नाही. रेडच्या रॅप्टर कॅमेऱ्यावर शूट झालेल्या सीनमध्ये झेडआरचे चार शॉट घालायचे असतील तर ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग सुधारण्याच्या, टेबलावर दोन्हींना एकच लट (रंग बदलून देणारा तयार तक्ता) आणि कामाचा एकच क्रम लागू पडतो. जुळवाजुळवीतला मोठा भाग त्याने वाचतो.

मात्र एक चूक हमखास होते. ‘रॉ आहे, आयएसओ नंतर बदलू’ म्हणून लोक बेस आयएसओकडे (सेन्सरच्या मूळ संवेदनशीलतेकडे) बघतच नाहीत. आर३डीमध्ये झेडआरला दोन बेस आहेत, ८०० आणि ६४००. या दोहोंत तीन स्टॉपचं अंतर आहे, आणि ते मेटाडेटातलं नव्हे, सेन्सरच्या ॲनालॉग गेनचं, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या पातळीचं आहे. अंधारातला शॉट ६४००वर घेतला आणि तसंच बाहेर उन्हात आलात, तर आकाश तिथेच जळालेलं असतं. रेडचा कुठलाही स्लायडर ते परत आणत नाही.

आणि ‘फक्त १२ बिट?’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. बिटचा आकडा कर्व्हशिवाय निरर्थक असतो. १२ बिट लिनियरमध्ये ४०९६ पायऱ्या, त्यातल्या २०४८ एकट्या सर्वांत वरच्या स्टॉपला जातात. त्याखालच्या स्टॉपला १०२४, आणि असं अर्धं-अर्धं करत दहाव्या स्टॉपच्या वाट्याला फक्त ४ उरतात. सावलीतल्या चेहऱ्यावर पट्टे दिसतात ते त्यामुळे. तेच १२ बिट लॉगमध्ये वाटले की प्रत्येक स्टॉपला पुरेशा पायऱ्या मिळतात. आरी या सिनेमा कॅमेऱ्यांच्या कंपनीचं आरीरॉ वर्षानुवर्षं १२ बिट लॉगच होतं.

‘पेटंट निकॉनकडे गेलं, आता रॉ सगळ्यांना’

रेडने कॅमेऱ्यातच दाबून साठवलेल्या रॉवर घेतलेलं पेटंट हा खरोखरच मोठा अडसर होता. ॲपलने २०१९मध्ये त्याला आव्हान दिलं, ते टिकलं नाही. २०२२मध्ये रेडने निकॉनवरच झेड९ कॅमेऱ्यातल्या एन-रॉ या रॉ फाइलवरून दावा ठोकला. तो २०२३मध्ये मागे पडला आणि पुढच्या वर्षी निकॉनने कंपनीच घेतली. पण पेटंटचा मालक बदलला म्हणून पेटंट मोकळं होत नाही. शिवाय परवाने आणि वाटाघाटी करून आत रॉ देणं आधीच सुरू झालं होतं: कॅनन आर५ २०२०मध्ये, आणि पॅनासॉनिक जीएच७ २०२४मध्ये आतल्या प्रोरेस रॉसह. मूळ अर्ज २००७-०८चे आहेत आणि पेटंटचं आयुष्य अर्जापासून २० वर्षं असतं. त्यामुळे या दशकाच्या शेवटी ही भिंत तशीही पातळ होणार आहे. इथे फिरत्या दाव्याचा निष्कर्ष बरोबर आहे, कारण मात्र चुकलंय.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे कार्ड. कॅनन आर५चं ८के रॉ सेकंदाला २६०० मेगाबिट, म्हणजे ३२५ मेगाबाइट लिहितं. ५१२ जीबीचं कार्ड साधारण २६ मिनिटांत भरतं. लग्नाच्या एका दिवसाचं गणित यावर करून पाहा, मग ‘रॉ हवंच’ हा आग्रह थोडा शांत होतो. दहा बिट लॉग हे बहुतेक कामांना पुरेसं उत्तर आहे आणि पुढेही राहील.

‘सतरा स्टॉप आता खिशात’

आरी ॲलेक्सा ३५ला (२०२२) कंपनी १७ स्टॉपची रेंज (सर्वांत गडद ते सर्वांत उजळ तपशिलापर्यंतचा पल्ला) आहे असं म्हणते. मिररलेसच्या जाहिरातीत १५ आणि ‘१५ प्लस’ दिसतं. दोन आकडे शेजारी ठेवून ‘दोनच स्टॉपचा फरक’ असं म्हणणं चूक आहे, कारण मोजायची रीत एक नसते. सिग्नल आणि नॉइज समान असलेला शेवटचा स्टॉप धरला की आकडा फुगतो. सिग्नल दुप्पट असायला हवा अशी अट लावली की त्याच कॅमेऱ्याचा आकडा उतरतो. तुलना करायची तर एकाच प्रयोगशाळेचे, एकाच अटीचे आकडे घ्या.

आता गंमत बघा. ‘आरीचे पिक्सेल मोठे, म्हणून रेंज जास्त’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ॲलेक्सा ३५चा पिक्सेल सुमारे ६.१ मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम मिररलेसचा सुमारे ५.९. जवळजवळ सारखेच! फरक पिक्सेलनंतर पडतो. आरी प्रत्येक पिक्सेलचा सिग्नल एकाच वेळी दोन वेगळ्या गेनमधून वाचते, एकात सावल्या स्वच्छ, दुसऱ्यात हायलाइट शाबूत, आणि मग दोन्ही जोडते. हे सतत, प्रत्येक फ्रेमला, आणि सेन्सरचं तापमान बांधून ठेवून.

ही युक्ती खाली आली आहे, हे मान्य. कॅननने सी३०० मार्क थ्रीमध्ये (२०२०) तीच दिली, पॅनासॉनिकने जीएच६मध्ये (२०२२) डायनॅमिक रेंज बूस्ट या नावाने. पण अटींसकट. जीएच६मध्ये ती चालू केली की किमान आयएसओ ८००, आणि व्ही-लॉग या पॅनासॉनिकच्या लॉग कर्व्हमध्ये थेट २०००. म्हणजे दिवसा आणखी एनडी. वेगवान फ्रेमरेटला ती मिळत नाही, कारण दुप्पट वाचायला वेळ लागतो आणि वाचनाने सेन्सर तापतो.

सगळ्यात बोलका आकडा विजेचा आहे. ॲलेक्सा ३५ व्ह्यूफाइंडरसह साधारण ९० वॉट खाते. सोनीची नेहमीची एफझेड१०० बॅटरी १६.४ वॉट-तासांची. त्या बॅटरीवर ॲलेक्सा चालवता आली असती, तर अकराव्या मिनिटाला बंद पडली असती. मिररलेसच्या हातात मावणाऱ्या बॉडीत ९० वॉटची उष्णता सोडणार कुठे? आर५चं ८के तापून बंद पडायचं ते याच गणितामुळे, आणि २०२२च्या आर५सीला पंखा लावावा लागला तोही याचसाठी. त्याच वेळी आर५सीने बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हादरा शोषणारा हलता सेन्सर) सोडून दिलं, हे लोक विसरतात.

‘ग्लोबल शटर येणार, रोलिंग संपणार’

सोनी ए९ थ्रीने (२०२३च्या अखेरीस) फुल फ्रेममध्ये ग्लोबल शटर दिलं. किंमत स्पेसिफिकेशनच्या कागदावरच आहे: बेस आयएसओ २५०, नेहमीच्या १००च्या जागी. पिक्सेलमध्ये क्षणभर चार्ज धरून ठेवायची जागा करावी लागते, तेवढी प्रकाश साठवायची जागा कमी होते. आणि सिनेमातच पाहा: रेड कोमोडो २०२०पासून ग्लोबल आहे, पण रेंजमध्ये सगळ्यात पुढे असलेली ॲलेक्सा ३५ आजही रोलिंगच आहे, म्हणजे फ्रेम ओळीओळीने वाचते.

खरी गरज वेगवान वाचनाची आहे. सोनी ए७ फोर ४केला सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला साधारण २७ मिलिसेकंद घेतो. फ्रेमची रुंदी एका सेकंदात पार करणारी रिक्षा घ्या: तिचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून फ्रेमच्या २.७ टक्के सरकलेला दिसेल. तिरकी रिक्षा. वाचन दहा मिलिसेकंदांच्या आत आलं की हाच कल एक टक्क्यावर येतो आणि प्रेक्षकाला दिसत नाही. स्टॅक्ड आणि अंशतः स्टॅक्ड सेन्सर नेमकं हेच करतात, त्यामुळे पुढच्या मिररलेसमध्ये हेच जास्त दिसेल.

‘आतला एनडी कंपन्या मुद्दाम देत नाहीत’

हा मुद्दा सविस्तर घ्यायला हवा, कारण रोजच्या कामात एनडीइतका वेळ दुसरं काही खात नाही.

कडक ऊन, लॉगचा बेस आयएसओ ८००, २५ फ्रेम, शटर ५०व्या भागाचं. उन्हाच्या नेहमीच्या नियमाने ८०० आयएसओला एफ १६ आणि शटर १/८००. शटर १/५०वर आणलं की चार स्टॉप जास्त प्रकाश. एफ २.८ हवा तर आणखी पाच. एकूण नऊ स्टॉप कापायचेत. सोनी एफएक्स६मधला इलेक्ट्रॉनिक एनडी १/१२८पर्यंत जातो, म्हणजे सात. तोही इथे अपुरा, एफ ५.६वर थांबावं लागतं. लेन्सपुढच्या स्वस्त, फिरवून गडद करायच्या व्हेरिएबल एनडीने नऊ गाठायला गेलात तर वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते, आणि इन्फ्रारेड न अडवणाऱ्या गडद काचेतून काळा कोट तपकिरी दिसतो.

मग आत का नाही? निकॉन झेडचं माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर १६ मिमी, सोनी ई १८, कॅनन आरएफ २०. सिनेमाचं पीएल माउंट ५२. त्या १६-२० मिमीत मिररलेसला यांत्रिक शटर ठेवायचं असतं आणि मागे सेन्सर हलता. शिवाय एनडी काढल्यावर त्याच्या जागी तेवढ्याच जाडीची साधी काच यावी लागते. दोन मिमीची काच फोकस सुमारे ०.६७ मिमी मागे ढकलते. ती काच नुसती काढून घेतली तर वाइड लेन्सचं अनंत फोकस गेलंच समजा. म्हणजे आत एक नव्हे, दोन काचा आणि त्या बाजूला सरकायला जागा.

सोनीचेच एफएक्स३ आणि एफएक्स६ शेजारी ठेवा. माउंट एकच, १८ मिमी. एफएक्स३मध्ये स्टॅबिलायझेशन आहे, एनडी नाही. एफएक्स६मध्ये एनडी आहे, स्टॅबिलायझेशन नाही. कॅनन सी८०चंही एफएक्स६सारखंच.

पण हे कायमचं अशक्य आहे असं म्हणणाराही चुकतो. सोनी बुरानोने (२०२३) दोन्ही एका बॉडीत बसवले; बॉडीचं वजन २.४ किलो. आणि निकॉनच्या झेड९, झेड८ व झेडआरमध्ये यांत्रिक शटर उरलेलंच नाही. त्याची मोकळी झालेली जागा हीच आतल्या एनडीची खरी शक्यता. आमचा अंदाज: तो आधी शटर नसलेल्या, चौकोनी, व्हिडिओकडे झुकलेल्या बॉडीत येईल. फोटोग्राफरच्या मुख्य बॉडीत सगळ्यात शेवटी. तोवर कॅननचा ईएफ-आरएफ ड्रॉप-इन फिल्टर ॲडॉप्टर हा चांगला तोडगा आहे. ईएफचे ४४ आणि आरएफचे २० यांतले २४ मिमी तो वापरतो.

‘सगळं फर्मवेअरने अडवलंय’

इथे दावा करणाऱ्यांना गुण द्यायला हवेत. २०१३मध्ये मॅजिक लँटर्न या हौशी प्रोग्रामरांच्या सॉफ्टवेअरने कॅनन ५डी मार्क थ्रीमधून १४ बिट रॉ काढून दाखवला. हार्डवेअरला ते जमत होतं. पॅनासॉनिकने जीएच४च्या व्ही-लॉगसाठी पैसे घेतले आणि आज आरीचा लॉगसी३ कर्व्ह चालू करणारी किल्लीही वेगळी विकते. एफएक्स३ला स्वतःचे लट आणि सिने ईआय (सिनेमाच्या पद्धतीने एक्स्पोजर ठरवायचा मोड) फर्मवेअरमधूनच मिळाले. एक्स्पोजर तपासणारे वेव्हफॉर्म आणि फॉल्स कलर, शटरचा वेळ अंशांत सांगणारा शटर अँगल यांना कुठलाही नवा सेन्सर लागत नाही.

शटर अँगल तर आपल्याकडे चैन नाही. २४ फ्रेमला १८० अंश म्हणजे १/४८. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि हॉलमधल्या स्वस्त एलईडीखाली चित्र हलकं धडधडतं. अँगल १७२.८ केला की बरोबर १/५०, धडधड थांबते. हा पर्याय मेनूत न देण्याला तांत्रिक सबब नाही.

‘तंत्रज्ञान वरून खाली येतं’

उलटंही तेवढंच येतं. कॅननचा ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आधी ७०डी या फोटोच्या कॅमेऱ्यात आला, २०१३ला. सी१०० या सिनेमा कॅमेऱ्याला तो नंतर बसवून मिळाला. सेन्सर हलवून स्थिर करणं फोटोच्या कॅमेऱ्यांतून बुरानोत गेलं. झेडआरचा ३२ बिट फ्लोट आवाज (फार मोठा झाला तरी फाइलमध्ये न फुटणारा) तर कुठल्याच कॅमेऱ्यातून आलेला नाही, तो झूम आणि साउंड डिव्हाइसेस या कंपन्यांच्या ऑडिओ रेकॉर्डरांतून आला. आणि तोही सगळं वाचवत नाही: वायरलेस माइकचा ट्रान्समीटर आधीच फुटला असेल, तर कॅमेऱ्यात ३२ बिटमध्ये फुटलेलाच आवाज पोहोचतो.

‘भाड्याचं दुकान बंद’

यासाठी ‘द क्रिएटर’ या हॉलिवूडपटाचं (२०२३) उदाहरण दिलं जातं. तो एफएक्स३वर शूट झाला, खरं आहे. पण रॉ बाहेरच्या रेकॉर्डरवर जात होता, आणि निर्मितीचा खर्च काही कोटी डॉलरचा होता. कॅमेऱ्याची किंमत त्या हिशेबात कुठे दिसतही नाही.

भाड्याच्या सेटबरोबर येतं ते असं: फिरवून घट्ट होणारी एसडीआय व्हिडिओ केबल, सगळी यंत्रं एकाच वेळेत बांधणारे टाइमकोड आणि जेनलॉक, दिवसभर पुरणाऱ्या बॅटऱ्या, आणि कॅमेरा न उघडता फोकस पुलरला, दिग्दर्शकाला वेगवेगळं चित्र देणारे आउटपुट. झेडआरला मायक्रो एचडीएमआय आहे. गिंबलवर तिसऱ्या टेकला केबल ओढली जाते आणि मॉनिटर काळा पडतो. घ्यायचाच असेल तर बॉडीबरोबर केबल क्लॅम्प असलेला केजही (कॅमेऱ्याभोवतीचा धातूचा सांगाडा) त्याच दिवशी घ्या, आणि केबल आधी क्लॅम्पमध्ये कसून मगच सॉकेटमध्ये घाला.