रिफायनऱ्या बंद पडल्या म्हणून ओट्याखाली पेट्रोल भरून ठेवू नका

"जगातल्या रिफायनऱ्या धडाधड बंद होतायत, तेल संपत आलंय, इलेक्ट्रिक गाड्यांनी धंदा बुडवला, दोन महिन्यांत पंप कोरडे. आत्ताच कॅन भरून ठेवा." हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. रविवारी मोहोळला मामांकडे गेलो, तर ओट्याखाली पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन, पेट्रोलने भरलेले. वर गॅस, बाजूला देवघरात समई.

मामा म्हणाले, "पूर्वी रॉकेल ठेवतच होतो की घरात." मामा, रॉकेल वेगळं. पेटण्याइतकी वाफ सोडायला त्याला निदान 35 अंशांची ऊब लागते. पेट्रोल उणे 40 अंशांलाही तेवढी वाफ सोडतं, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यात बारा महिने. ही वाफ हवेपेक्षा जड. खिडकीतून निघून जात नाही, फरशीवरून सरकत ज्योतीपर्यंत पोचते. पाण्याचा कॅन पेट्रोलसाठी बनवलेलाच नसतो, तो झाकणातून वास सोडत राहतो. मामींचं दोन दिवस डोकं दुखत होतं, त्यांना वाटलं ऊन लागलं. मेसेज लिहिणाऱ्याला हे घर दिसलं असतं का?

रिफायनऱ्या बंद होतात हे खरं, तेवढं मान्य. स्कॉटलंडमधली ग्रँजमाउथ 2025 मध्ये बंद झाली, रोजची 1.5 लाख बॅरलची. त्याच वर्षी अमेरिकेत ह्यूस्टनची 2.64 लाखांची गेली. पण नायजेरियात डांगोटेची एकटी 6.5 लाखांची सुरू झाली, ती मेसेजात नाही. कुवेत, ओमानमध्येही नव्या आल्यात.

सोलापूरकराला हे मी समजवायला नको. आपल्या कापडगिरण्या, जुनी मिल बंद पडली, नरसिंग गिरजी बंद पडली, म्हणून कापूस संपला का? चादर आणि टॉवेल यंत्रमागावर आजही निघतायत. गिरणी बंद पडली तेव्हा मेला तो कामगार. ग्रँजमाउथमध्येही शेकडोंची नोकरी गेली, त्यांच्यासाठी मेसेजात एक ओळ नाही.

आता आपलं. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाचे आकडे कुणालाही बघता येतात. 2023-24 मध्ये देशाची शुद्धीकरण क्षमता वर्षाला 25 कोटी टनांच्या वर होती, वापर साधारण 23.4 कोटी टन. स्वयंपाकाच्या गॅससारखा काही माल बाहेरून आणत असलो, तरी 6 कोटी टनांहून जास्त तयार माल आपण बाहेर विकला. तिकडची रिफायनरी बंद झाल्यावर माल विकायला जातात ते आपल्यासारखेच देश. आपल्या सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोत तेल येतं ते मुंबईहून पुण्यामार्गे पाइपलाइननं, स्कॉटलंडहून नाही.

कच्चं तेल मात्र आपण 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. काळजी करायची तर त्याची करा, पण त्यावर उपाय ओट्याखाली नाही. इलेक्ट्रिक गाड्यांचं म्हणाल तर पाकणीला टँकरची रांग बघून या.

ते पेट्रोल आम्ही अंगणात नेऊन मामांच्या गाडीच्या टाकीत ओतलं. रिकामे कॅन पुन्हा पाण्याला वापरू नका, असं मामींना दोनदा सांगून आलोय.