धर्माचा अभ्यास म्हणजे धर्मावरचा हल्ला नव्हे : फिरणाऱ्या एका मजकुराचा प्रतिवाद

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या वाढू लागल्या, तसा नाशिकमधील अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक निनावी मजकूर पुन्हा पुन्हा फिरू लागला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : श्रद्धा नसलेल्याला धर्म कळूच शकत नाही, समाजशास्त्र धर्माची सामाजिक कारणे सांगते ते धर्म खोटा ठरवण्यासाठीच, या अभ्यासाचे मूळ धर्माला अफू म्हणणाऱ्या मार्क्समध्ये आहे, ही पद्धत परकी असून आपल्या परंपरेत धर्माची चिकित्सा नव्हती, आणि असा अभ्यास केवळ हिंदूंचाच केला जातो. शेवटी आवाहन आहे की, रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी प्रश्नावली घेऊन येणाऱ्याला हाकलून द्यावे. मजकूर कोणी लिहिला हे महत्त्वाचे नाही. तो सुशिक्षित माणसेही विचार न करता पुढे पाठवतात, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे आवश्यक वाटते.

पहिले विधान सर्वांत आकर्षक आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे. भक्ताला भजनात जे मिळते ते आकडेवारीत सापडत नाही, हे कोणताही प्रामाणिक अभ्यासक मान्य करील. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०९ मधील एका पत्रात स्वतःबद्दल लिहिले होते की, संगीताचा कान नसलेल्या माणसासारखी धर्माबाबत आपली स्थिती आहे. मात्र आपण धर्मविरोधी नाही, असेही त्यांनी त्याच पत्रात स्पष्ट केले होते. परंतु ‘श्रद्धावानालाच धर्म कळतो’ असे म्हणताच पुढचा प्रश्न उभा राहतो : कोणत्या श्रद्धावानाला? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा बंद दरवाजाच्या आत रामाचे भक्त होते आणि बाहेर दर्शनाचा हक्क मागणाऱ्यांतही रामाला मानणारे लोक होते. एकाच देवळाचा आतून दिसणारा अर्थ आणि उंबरठ्याबाहेरून दिसणारा अर्थ एक नव्हता. या दोन्ही अनुभवांची नोंद घेऊन त्यांतील अंतर कशामुळे पडले हे सांगायचे, तर दोन्ही बाजूंचे ऐकणारा कोणीतरी तिसरा लागतो. तो स्वतः भक्त असो वा नसो.

शिवाय अभ्यासक म्हणजे श्रद्धाहीनच, हे गृहीतकही चुकीचे आहे. आफ्रिकेतील अझांदे आणि नुअर या समाजांच्या श्रद्धांचा मूलगामी अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड हे स्वतः कॅथलिक झाले होते. आपल्याकडे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चालल्या. त्यांच्या लेखनात वारीबद्दलचा जिव्हाळा आहे आणि त्याच लेखनात जातीजातींच्या दिंड्या वेगळ्या चालतात, पंगती वेगळ्या बसतात, याची टोचणीही आहे. जिव्हाळा आणि टोचणी एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

दुसरे विधान हे या सगळ्या मजकुराचा कणा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबावे लागेल. एखादी गोष्ट कशी घडली हे सांगणे आणि ती खरी की खोटी हे ठरवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात स्नान करतात आणि वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडात. या विभागणीमागे स्नानाच्या मानावरून झालेले संघर्ष आणि पेशवाईतील निवाडा आहे, असे इतिहासाचा अभ्यासक सांगतो. त्याने हे सांगितल्याने गोदावरीचे पावित्र्य सिद्ध झाले का? नाही. असिद्ध झाले का? तेही नाही. त्याने एवढेच दाखवले की, एका तीर्थाच्या दोन जागा कशा ठरल्या. अमेरिकी विचारवंत विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत नेमका हाच मुद्दा मांडला होता. ख्रिस्ती संत पॉलला झालेला साक्षात्कार अपस्माराचा (फेफऱ्याचा) झटका होता असे म्हटल्याने त्या साक्षात्काराचे मोल ठरत नाही, ते त्याच्या फळांवरून ठरवावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी अभ्यासापुरते देवाचे अस्तित्व कंसात ठेवण्याची, म्हणजे देव आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवण्याची, शिस्त आग्रहाने सांगितली. बर्गर स्वतः मात्र श्रद्धावान ख्रिस्ती होते.

धर्माची सामाजिक बाजू पाहिली की धर्म उणा होतो, ही भीती किती अनाठायी आहे हे पाहायचे असेल, तर आपल्याच पांडवलेण्यांपर्यंत जावे. दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने बौद्ध भिक्षुसंघाला तीन हजार कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनिधी दिली, म्हणजे मूळ रक्कम कधीही न मोडता केवळ व्याज वापरायचे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली गेली : दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि लेखात म्हटले आहे की, लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत जुळतो. दुसऱ्या हजाराच्या व्याजातून भिक्षूंचा किरकोळ खर्च भागायचा. हाच उषवदात ब्राह्मणांना केलेल्या दानांचाही अभिमानाने उल्लेख करतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या नाशिकमध्ये धर्म, व्यापार, कारागिरांच्या संघटना आणि राजसत्ता कशा एकमेकांत गुंतल्या होत्या, हे या दगडावरून कळते. ते कळल्याने ना भिक्षूंचा संयम खोटा ठरतो ना दात्याची श्रद्धा. उलट ती श्रद्धा किती काटेकोर व्यवहारावर उभी होती हे पाहून आदरच वाटतो. निदान मला तरी वाटतो.

याच विधानाची आणखी एक बाजू आहे. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी अझांदे लोकांचे एक प्रसिद्ध उदाहरण दिले आहे. धान्याचे कोठार कोसळून खाली बसलेली माणसे जखमी झाली, तर खांब वाळवीने पोखरले होते हे अझांदेंनाही ठाऊक असते. पण नेमकी हीच माणसे खाली असताना ते का कोसळले, या प्रश्नाचे उत्तर ते चेटकात शोधतात. माणूस एकाच वेळी दोन प्रश्न विचारतो आणि दोन्हींची उत्तरे वेगळ्या ठिकाणी शोधतो. ऑगस्ट २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये रामकुंडाकडे जाणाऱ्या मार्गावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. त्यांना गोदातीरी मरण आले यात कोणी सांत्वन शोधले असेल, तर त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु रस्ता किती रुंद होता, गर्दी कोणत्या वेळी आणि कोणत्या दिशेने लोटली, स्नानासाठी माणसे किती वेळ थांबतात, हे विचारणाराही कोणी हवाच. प्रश्नावली घेऊन घाटावर उभा राहणारा विद्यार्थी पुष्कळदा हेच विचारत असतो.

मार्क्सबद्दलचे विधान फार वेळ घेण्यासारखे नाही. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात ‘अफू’च्या आधीच धर्म हा पिडलेल्या जीवाचा उसासा आणि हृदयशून्य जगाचे हृदय आहे, असे शब्द येतात, आणि त्या काळी अफू हे वेदनाशामक औषध म्हणून सर्रास वापरले जाई. मार्क्स धर्माचे टीकाकार होते यात शंका नाही. पण फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये नेमके उलटे म्हटले : इतकी युगे टिकलेली संस्था निव्वळ भ्रमावर उभी असू शकत नाही, तिच्यामागे काही वास्तव असलेच पाहिजे. ते वास्तव म्हणजे समाज, हे त्यांचे उत्तर श्रद्धावानाला पटणार नाही, हे खरे. तरीही संपूर्ण ज्ञानशाखेला एका वाक्याच्या दावणीला बांधणे अन्यायाचे आहे.

चौथ्या विधानाने मला खरोखर आश्चर्य वाटले, कारण ते आपल्याच परंपरेचा अपमान करते. आपल्याकडे खंडन करण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, मांडावा लागतो, आणि तोही विरोधकाला मान्य होईल असा. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ हा दर्शनांचा आढावा घेणारा ग्रंथ वेद न मानणाऱ्या चार्वाकापासून सुरू होतो. वेदांचे कट्टर समर्थक असलेले मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर नाकारतात, तर न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य ईश्वरसिद्धीसाठी तर्काचा संपूर्ण ग्रंथ रचतात. हे धर्माचे तत्त्वज्ञान नव्हे तर दुसरे काय आहे? जवळच्या काळात पाहिले तर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी गेले, डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचला, भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत उलगडला. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे : दारोदार जाऊन सामान्य माणसाला त्याच्या श्रद्धेबद्दल विचारायचे आणि त्याचे उत्तर पंडिताच्या मताइतकेच मोलाचे धरायचे, ही पद्धत बरीचशी नवी आहे. ती परदेशातून आली म्हणून टाकायची, तर छपाईही टाकावी लागेल, आणि मग पोथ्यांचे काय करायचे?

या अभ्यासाचे दोषही लपवू नयेत. वेबर यांनी कर्मसिद्धान्त आणि जातिव्यवस्था यांमुळे भारतात आधुनिक भांडवलशाहीची वृत्ती आपोआप उपजणे शक्य नव्हते, असा निष्कर्ष काढला, आणि तो त्यांनी भारतात पाऊल न ठेवता काढला. मात्र त्यावर प्रश्नचिन्ह लावले ते याच शास्त्रातील पुढच्या लोकांनी. मानववंशशास्त्रज्ञ मिल्टन सिंगर यांनी मद्रासच्या उद्योगपतींशी प्रत्यक्ष बोलून दाखवले की, हे लोक धार्मिक राहूनच कारखाने चालवतात. चुकीच्या अभ्यासाचे उत्तर अधिक चांगला अभ्यास, हे येथे दिसते.

पाचवे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. बायबलचा चिकित्सक अभ्यास युरोपात शतकानुशतके चालू आहे आणि त्याची किंमतही तेथील विद्वानांनी मोजली आहे. जर्मन धर्मपंडित डेव्हिड स्ट्राउस यांना येशूच्या चरित्रावरील १८३५ च्या ग्रंथामुळे आपली अध्यापनाची जागा गमवावी लागली. वेबर यांचा सर्वांत गाजलेला प्रबंध प्रॉटेस्टंट पंथावर आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झ यांनी मोरोक्को आणि इंडोनेशियातील इस्लामची तुलना केली. दुर्खीम तर स्वतः ज्यू धर्मगुरूचे पुत्र होते.

राहिले ते हाकलून देण्याचे आवाहन. त्यातील राग काही अंशी समजू शकतो, कारण स्नान करणाऱ्या बाईचा न विचारता फोटो काढणारे आणि साधूला प्राणिसंग्रहालयातील जीव समजून प्रश्न विचारणारे महाभाग घाटावर दिसतात. त्यांना अडवावेच. पण वही घेऊन आलेल्या मुलीने आधी आपली ओळख सांगितली, अभ्यासाचा हेतू सांगितला, नाव लिहिणार नाही असे सांगितले आणि ‘बोलायचे नसेल तर राहू द्या’ असेही म्हटले, तर तिला दोन मिनिटे द्यायला हरकत नसावी. सोलापूरहून आलेली आजी त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीवर डोके टेकवून रामकुंडावर का आली, हे त्या आजीला सांगायचे असेल, तर मध्ये उभे राहून तिला गप्प करण्याचा अधिकार मजकूर पुढे पाठवणाऱ्याला कोणी दिला?